घरट्यासाठी लावलेलं कुलूप

कुलूप लावलेल्या घराचं दार आधी वाजवून मगच आत जाणारा माणूस आमच्या शेजारच्या तात्यांखेरीज अख्ख्या पाथर्डी तालुक्यात सापडणार नाही. दिवाळीनंतर आमचं निम्मं गाव ऊसतोडीला निघालं की साऱ्या किल्ल्या तात्यांच्या करगोट्याला लागत. तात्या आधी ऐकू यायचे, मग दिसायचे. दर शनिवारी ते एकेक दार वाजवत, थोडं थांबत, मग कुलूप काढून झाडलोट करत आणि चुलीत दोन काटक्या पेटवत. "आत कोण आहे म्हणून वाजवता?" असं मी एकदा विचारलं.

"घर हाय की, गुरुजी. एकदम शिरलं तर दचकतंय."

त्या घरांना कोणी 'ओसाड' म्हणालं, तर त्याच्याकडचा चहा तात्या आठवडाभर घेत नसत.

एका उन्हाळ्यात आमच्या ओट्यावर, विजेच्या मीटरमागे बुलबुलानं घरटं केलं. तीन अंडी दिसली आणि पक्षीण दिसेनाशी झाली. मी दर अर्ध्या तासाला स्टुलावर चढून बघायचो. दीड दिवस गेल्यावर ठरवलं, टाकलेलं घरटं आहे, काढून टाकू. भिंत रंगवायची होती, हेही खरं. स्टूल धरायला तात्यांना हाक मारली.

त्यांनी घरट्याकडे बघितलंच नाही. "हितं किती बाऱ्या चढलात?"

मी बोटांवर मोजू लागलो.

"ती गेली न्हाई. तुमी जायची वाट बघती."

त्यांनी मला आणि बायकोला आत घातलं, बाहेरून कुलूप ठोकलं आणि किल्ली करगोट्याला लावली. तासाभरात खिडकीच्या फटीतून बायकोनं खूण केली. पक्षीण अंड्यांवर बसली होती. मला माझीच लाज वाटली. पुढचे तीन-चार आठवडे आम्ही मागच्या दारानं, गोठ्यातून ये-जा केली. कुलूप बघून माघारी गेलेली माझी मेहुणी अजून फुगलेली आहे. पिल्लं उडाली तेव्हा तात्यांनी आमचंही दार वाजवलं आणि मगच कुलूप काढलं.

यंदा तात्यांचे गुडघे गेले. मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. जीपमध्ये बसताना त्यांनी स्वतःच्या घराची किल्ली माझ्या मुठीत दाबली. "टाकलेलं न्हाई बरं का, गुरुजी."

ते आता परत येत नाहीत, असं गाव म्हणतं. मलाही एखादे दिवशी तसंच वाटतं. पण शनिवारी मी जातो. दार वाजवतो, थोडं थांबतो आणि मग कुलूप काढतो.