आधीच धुतलेले पाय

"टाचा घास बाई, टाचा. सिस्टरच्या हाताला काळं लागायला नको."

टीचर सावलीत उभ्या होत्या. शाळेच्या मागच्या नळापाशी आम्ही बारा मुली चपला काढून ओळीने उभ्या होतो. ब्रश आणि कपड्याचा साबण घेऊन शाळेची आया आमचे पाय घासत होती. ती माझी आई.

मी सातवीत होते. कॅम्पातली कॉन्व्हेंट शाळा. ईस्टरआधीचे चाळीस दिवस, उपवासकाळ, संपत आला होता. क्रूसावर जाण्याआधी येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून मुख्याध्यापिका सिस्टर दरवर्षी बारा मुलींचे पाय धुवायच्या. कुठल्या बारा? ज्यांची फी माफ आहे त्या. यादी वर्गात मोठ्याने वाचली. वर सूचना: युनिफॉर्म नको, घरचे कपडे घालून या. म्हणजे पाहुण्यांना बघताक्षणी कळावं, गरीब कोण ते.

पाहुणे म्हणजे पालक. तेव्हा पुण्यात जो तो सॉफ्टवेअरमध्ये शिरत होता. वर्गातल्या निम्म्या मुलींचे बाबा अमेरिकेला जाऊन-येऊन असायचे. उपवासकाळात त्या मुली चॉकलेट सोडायच्या आणि त्याचं केवढं कौतुक! आम्हीही कॅथलिकच, नगरकडचे. आई चाळीस दिवस चहा सोडायची, शुक्रवारी नुसत्या पाण्यावर राहायची आणि त्याच पोटाने तीन मजले पुसायची. तिचा उपवास कुणाच्या खिजगणतीतही नव्हता.

माझी पाळी आली. आईने वर बघितलं नाही. "पाय दे," एवढंच म्हणाली. मी दिला. ती घासत होती आणि टीचर वरून सांगत होत्या, अजून, अजून. माझे पाय घाण नव्हते. सकाळीच आंघोळ करून आले होते. मला लाज वाटली, आणि खरं सांगते, आधी आईचीच वाटली. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

हॉलमध्ये बारा खुर्च्या. पितळी परात, पांढरा टॉवेल, गुलाबपाणी. प्रार्थना ऐकू यावी म्हणून माईक खाली, आमच्या गुडघ्यांजवळ. समोर पाहुणे आणि कॅमेरे. सिस्टर एकेकीसमोर गुडघे टेकत होत्या. दोन थेंब पाणी, टॉवेल, मिटलेले डोळे. पहिल्या रांगेतल्या एक बाई गहिवरून रडल्यासुद्धा. दाराशी आई फडकं घेऊन उभी होती, सांडलेलं पाणी पुसायला.

सिस्टर माझ्यासमोर आल्या. मी पाय मागे घेतले.

"माझे पाय धुतलेत, सिस्टर. माझ्या आईने. मघाशी, मागच्या नळावर."

माईकवरून ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं. मी उठले आणि चालत बाहेर आले.

त्याच दुपारी आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं. सिस्टर ओरडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, मुलीने पवित्र विधीचा अपमान केलाय. सगळ्या शाळेसमोर माफी मागितली तर फीमाफी राहील, नाहीतर दाखला घेऊन जा. आईने हात जोडले. सिस्टरपुढे नाही, माझ्यापुढे.

"माग गं माफी. साळा सुटंल तुझी."

मी मागितली नाही. महापालिकेच्या मराठी शाळेत गेले. आई मात्र तिथेच आणखी नऊ वर्षं फरशी पुसत राहिली आणि दर उपवासकाळात तिला त्या नळावर बसवलं गेलं. नकार माझा होता, किंमत तिने मोजली. हे मी विसरत नाही.

आता मी हिंजवडीत नोकरी करते. कंपनीतले लोक वर्षातून एकदा वस्तीत दप्तरं वाटायला जातात. मला म्हणाले, तिथल्या मुलींना तुझी गोष्ट सांग, प्रेरणा मिळेल, फोटोही छान येतील. मी सांगितलं, दप्तरं जरूर द्या, पण मुलींना कॅमेऱ्यासमोर रांगेत उभं करू नका. त्यांना आवडलं नाही. न आवडू दे.

एवढं होऊन चर्चला कशी जातेस, असं लोक विचारतात. जाते. येशू काय त्या शाळेच्या मालकीचा आहे? उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळाला राख लावून घेते आणि आईला घेऊन पहिल्या बाकावर बसते. पण कुणाच्या पुण्यासाठी मी पुन्हा गरीब होऊन बसणार नाही. आणि माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्या कुठल्या मुलीला बसवू देणार नाही.