जागचं हलायचं नाही

स्टेपुटकाकांच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्याला चहात साखर किती, हे विचारायच्या आधी एक नियम ऐकावा लागे. "हरवलीस तर काय करायचं? आहेस तिथेच उभं राहायचं. स्टे पुट! हरवलेल्यानं हलायचं नाही, शोधणाऱ्यानं हलायचं. दोघंही हलले की संपलं." काका इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत हाडांचे डॉक्टर होते. तीसेक वर्षं प्लास्टर घालून घालून त्यांचं ठाम मत झालं होतं, "हाड असो की माणूस, जागचं हललं की भानगड." आमच्या पोरांनी त्यांना स्टेपुटकाका केलं आणि मग काकूसुद्धा फोनवर "स्टेपुट घरी नाहीत गं" म्हणायला लागल्या.

मी या देशात नवी होते तेव्हा चुकीच्या बसमध्ये बसून भलत्याच राउंडअबाउटला उतरले. रडत फोन केला. "हलू नकोस," एवढंच म्हणून काकांनी ठेवून दिला. चाळीस मिनिटं मी गारठ्यात उभी, मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत. आले ते थर्मास घेऊन. "हललीस का?" "नाही." "शाब्बास. चहा घे." आईवडील साडेचार हजार मैलांवर भारतात असताना शाब्बास म्हणणारं माणूस मिळालं, म्हणून गाडीत पुन्हा रडले.

सुपरमार्केटमध्ये ते काकूंना दुधाच्या शेल्फपाशी उभं करून यादी घेऊन निघत. काकू निवांत लेबलं वाचत बसत. मला राग यायचा. "काकू, तुम्ही काय ट्रॉली आहात?" त्या हसायच्या. "अगं, यांना दिशा म्हणून कळत नाही. मी एका जागी उभी असते म्हणून तर परत येतात." मला ती बायकोची थट्टा वाटायची.

मग काकू विसरायला लागल्या. आधी चष्मा, मग गॅस, मग मुलांची नावं. मुलं ऑस्ट्रेलियात, म्हणून जाऊन-येऊन मीच. आणि अशात काकांनी मोरोक्कोची तिकिटं काढली! काकूंना कधीपासून मराकेशचा तो मोठा चौक बघायचा होता. मी कडाडून विरोध केला. "काका, वेड लागलंय का तुम्हाला? त्या गर्दीत?" काका शांतपणे म्हणाले, "सगळं विसरली तरी उभी केली तिथून ती हलत नाही, बघ. तोवर ती आहे. नियम विसरली की समजायचं, गेली." मीही तिकीट काढलं.

त्या चौकात आम्ही कुठल्या बाजूने शिरलो, हे मला आजही सांगता येणार नाही. दुपारी तिथे भरपूर मोकळी जागा होती. संत्र्याच्या रसाच्या गाड्या, सगळ्या एकसारख्या. पुंगी वाजवणारे गारुडी, माकडवाले, छत्रीखाली स्टुलावर बसलेल्या मेंदीवाल्या. मला मसाले घ्यायचे होते. अर्ध्या तासात रसाच्या गाड्यांपाशी भेटायचं ठरलं. बाजाराच्या बोळांत मी दोनदा चुकले आणि परतले तेव्हा चौक तो नव्हताच! मघाच्या मोकळ्या जागेत माणसं चाकांचे ठेले ढकलत आणत होती, तंबू उभे राहत होते, धूर, ढोल, स्कूटरी. आणि एका गाडीपाशी काका, दोन्ही हातांत रसाचे ग्लास.

"काकू कुठेत?"

"अगं, हिरव्या छत्रीखाली बसवलं होतं, मेंदीवालीपाशी. हलू नकोस म्हटलं. रस घेऊन वळलो तर छत्रीच नाही."

"कुठल्या बाजूला?"

त्यांनी डावीकडे मान वळवली, मग उजवीकडे. "हलली ती," म्हणाले. "विसरली गं."

"तुम्ही इथेच थांबा, मी बघते."

"मी कशाला थांबू? हरवलीये ती!"

"मग मी थांबू?"

"तू थांबून काय होणार?"

नक्की कोण हरवलंय आणि हलायचं कोणी, हेच आम्हाला उमजेना. शेवटी मी त्यांना दरडावून उभं केलं आणि धावले. हिरव्या छत्र्या दोन दिसल्या, दोन्हींखाली परक्या बायका. ठेल्यांच्या रांगा सगळ्या सारख्या, जो तो "इंडिया? वेलकम!" म्हणत मेन्यू पुढे धरतोय. एकाच ठेल्यावरून मी तीनदा गेले. चौथ्यांदा तिथल्या माणसाने माझ्या टिकलीकडे बोट दाखवलं आणि हात धरून मला टेबलांच्या मधोमध नेलं.

काकू स्टुलावर बसल्या होत्या. साडीवर स्वेटर, एका हातावर अर्धी मेंदी, पुढ्यात सूपचा वाडगा. शेजारी मेंदीवाली, मिटलेली हिरवी छत्री मांडीवर घेऊन. ठेलेवाल्यांनी काकूंना उठवायचा खूप प्रयत्न केला म्हणे. उठेनातच, तेव्हा त्यांनी काकूंभोवतीच टेबलं मांडली. मेंदीवालीही त्यांना एकटं सोडून घरी गेली नव्हती.

"चला काकू."

"छे! हे रस आणायला गेलेत. मी हलणार नाही."

काकांनाच घेऊन आले. हिंदकळून ग्लास अर्धे झाले होते. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "कुठे गेला होतात हो? मी हलले नाही." काका तिथेच खाली बसले, त्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकून रडले. "मीच हललो गं," म्हणाले. "मीच चुकलो." मेंदीवालीने उरलेली मेंदी पूर्ण केली.

गेल्या हिवाळ्यात काका गेले, चार दिवसांच्या न्यूमोनियात. काकू आता केअर होममध्ये असतात. खिडकीपाशी त्यांची एक खुर्ची आहे. तिथून त्या जेवायलाही उठत नाहीत, म्हणून नर्स माझ्याकडे तक्रार करते. सुरुवातीला मी खरं सांगून पाहिलं. दर वेळी त्यांना ते नव्यानेच कळायचं, मग सांगणं सोडलं. रविवारी जाते, स्टूल ओढून शेजारी बसते.

"उशीर झाला ना यांना?" परवा काकूंनी विचारलं. मग त्यांनीच माझ्या हातावर थोपटलं. "घाबरू नकोस गं. यांना रस्ता सापडत नाही, वेळ लागतो. मी आहे ना इथे."