निष्क्रिय प्रेक्षक

माध्यम-संशोधनात एमए करताना मी घरच्यांवरच प्रबंध लिहिला आणि तो साफ चुकला. घरातली माणसं टीव्ही कशी बघतात, हा विषय. रोज संध्याकाळी मी टिपणं काढत बसायचो आणि बाबा सासूसुनांच्या मालिका मुकाट बघायचे. बघणाऱ्यामुळे समोरचा माणूस बदलतो, हे परीक्षेत मी भरभरून लिहिलं होतं. तरीही बाबांना ‘निष्क्रिय प्रेक्षक’ ठरवून मोकळा झालो. पदवी मिळाली, आणि ते बसणंही संपलं.

परवा बऱ्याच दिवसांनी घरी गेलो. टीव्हीवर कापड घातलेलं होतं. मी मोबाइल काढून सोफ्यावर टेकलो मात्र, बाबांनी लगबगीने कापड काढून मालिका लावली. त्यांची खुर्ची तिरकी होती, पडद्यापेक्षा माझ्याकडे जास्त वळलेली. तेव्हाही ती अशीच असायची. आपण कुणाला न्याहाळत असतो तेव्हा तोही आपल्याला डोळे भरून बघत असेल, हे माझ्या टिपणांत कुठेच नव्हतं.

“आई, बाबांना मालिका अजून आवडतात?” मी हळूच विचारलं.

“कधी आवडत होत्या? तू बसायचास म्हणून बसायचे. माध्यमांचा एवढा अभ्यास केलास ना? मग तो मोबाइल ठेव आधी.”