आवडलं ते डावीकडे

लिहिण्याचा मला काही अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. माझ्या आधीच्यांनी कागदाला हात लावला तो अंगठा उमटवण्यापुरता. कोल्हापूरला कॉलेजात आल्यापासून पाहतो, वर्गातली मुले संगीत नाटकांवर अशा खात्रीने बोलतात की मी आपला बाकावर गप्प बसतो. पण कॉलेजच्या अंकासाठी काहीतरी द्या असे आमच्या मराठीच्या प्रोफेसरांनी दोनदा म्हटले, आणि नाटकाविषयी मला जे थोडे ठाऊक आहे ते मी एका होडीत शिकलो, तेव्हा त्या होडीवरच्या माणसाविषयी लिहितो. चुकले तर वाचकांनी पोटात घालावे. तो माणूस माझा मामा. सबंध रत्नागिरीत माझ्या मामाइतकी नाटके कोणी पाहिलेली नाहीत, आणि त्यांतल्या एकाही नाटकाचा शेवट मामाने पाहिलेला नाही.

त्याचे कारण साधे आहे. रत्नागिरी शहर आणि आमचे भाट्ये यांच्यामध्ये खाडी आहे. आमच्याकडच्या, म्हणजे भाट्ये, फणसोप, गोळप अशा गावांच्या माणसांना शहरात जायचे तर तरीत बसावे लागते. तर म्हणजे उतारू नेणारी मोठी होडी, आणि ती चालवणारा तांडेल माझा मामा. शहरात नाटक कंपनी आली की मामा संध्याकाळी तर भरभरून प्रेक्षक पलीकडे न्यायचा आणि स्वतःही पिटात, म्हणजे स्वस्त जागेवर, जाऊन बसायचा. पण नाटक सुटल्यावर माणसे धक्क्यावर येतील तेव्हा तर तयार हवी, म्हणून शेवटचा अंक सुरू झाला की हा उठायचा. पुढची गोष्ट त्याला उतारूंकडून कळायची, आणि उतारूंचे एकमत कधीच नसायचे. फणसोपचे लोक रडून मोकळे झालेले असत, ते म्हणत नायिका मेली. गोळपच्या लोकांना मध्येच डुलकी लागलेली असे, ते म्हणत लग्न लागले. मामाने यावर स्वतःची सोय लावली होती. भरती असली आणि तर झपकन पार झाली की तो नाटक सुखान्त धरायचा. ओहोटी असली आणि वाळूत रुतून अर्धा तास गेला, की सावकाश सांगायला वेळ असल्यामुळे तेच नाटक शोकान्त व्हायचे. एकाच नाटकाचे असे चार-चार शेवट त्याला पाठ होते, आणि त्यांतला कुठला खरा हे विचारले की म्हणायचा, "पानी किती हाय त्येच्यावर हाय."

उतारूंचे मत जाणून घेण्याची त्याची तऱ्हा तर कोणी शिकवलेली नव्हती. नाटकाहून परतणारा माणूस धक्क्यावर आला की मामा कंदील वर करून विचारायचा, "काय, कसं झालं?" आवडले म्हणणाऱ्याला डाव्या बाजूला बसवायचा, नावडले म्हणणाऱ्याला उजव्या. शेवटचा उतारू बसला की तर ज्या बाजूला कलेल तो निकाल. तो निकाल मामा दुसऱ्या दिवशी मासळी बाजारापासून कचेरीपर्यंत सांगत फिरायचा, आणि कचेरीतले कारकूनसुद्धा, तिकीट काढण्याआधी, तर कुठल्या बाजूला कलली होती याची चौकशी करीत. कधी होडी फारच कलली, तर मामा म्हणे, "अवं, दोगं जनं मत बदला आनि हिकडं या. बुडाल ना." आणि दोघेजण निमूटपणे मत बदलून पलीकडे बसत. आमच्या गावात हुसेनभाई नावाचे वयस्कर खलाशी आहेत, बोटीवर नोकरी करून घरी परतलेले. त्यांना मामा नेहमी मधोमध बसवायचा, कारण त्यांचे मत एका फेरीत तीनदा फिरायचे.

मामाचे सर्वांत आवडते नाटक एक जुने संगीत नाटक होते. लहानपणी बापाबरोबर तरीवर येऊन त्याने ते तंबूत पाहिले होते, तेही शेवट सोडून, आणि त्याची पदे तो वल्ह्याच्या ठेक्यावर म्हणायचा. नाटकाचे नाव देत नाही. कंपनीचे मालक अजून आहेत आणि त्यांची परवानगी मी घेतलेली नाही. त्या नाटकात दुसऱ्या अंकात नायिका नदी पार करते. मामाचा सगळा जीव त्या प्रवेशात, आणि सगळा रागही त्याच प्रवेशावर. कारण त्यातला नावाडी जरीचे उपरणे घालून, डोळे मिटून, एकाच बाजूने वल्हे मारीत गायचा. "तसं मारलं तर होडी गोल फिरंल," मामा म्हणायचा. "आनि बाईला कुटं बस म्हनून सांगत नाय, काय नाय. असा तरवाला माज्या जन्मात पायला नाय मी. एकदा तरी कोनी नीट दाखवाया पायजे." यापलीकडे मामाने आयुष्याकडे काही मागितल्याचे मला आठवत नाही.

परवाच्या नाताळच्या सुटीत मी घरी असताना तेच नाटक नव्याने बसवून एक कंपनी आगबोटीने रत्नागिरीला आली. जाहिरातीच्या कागदावर होते, 'जुनेच नाटक, परंतु खास रत्नागिरीकरांसाठी.' मालकांची रीत अशी की जिथे जातील तिथल्या चार गोष्टी नाटकात घालायच्या. तीन खेळ लावले होते. पहिल्या खेळात राजाने ऐन मार्गशीर्षात हापूस आंबा कापला, आणि नावाडी नायिकेला मालवणीत म्हणाला, "खंय जातलंस गो बाये?" आमचे सगळे लोक त्या दिवशी तरीत उजवीकडे बसले. पाणी आत येते की काय असे झाले.

"आंबा कुटनं आनला यानं?" फणसोपची एक म्हातारी विचारीत होती. "माज्या झाडाला अजून मोहर नाय."

"तो नावाडी वेंगुर्ल्याचा होता," हुसेनभाई म्हणाले. "वेंगुर्ल्याचा माणूस आपल्या खाडीत काय करतो? वाट चुकला असेल बिचारा."

मामा दुसऱ्या दिवशी सरळ मालकांच्या बिऱ्हाडी गेला आणि हे सगळे जसेच्या तसे सांगून आला. मी सोबत होतो, आणि खरे सांगतो, लाजेने दाराबाहेर उभा होतो. मालक मूळचे सांगलीकडचे. कोकणात सगळीकडे एकच बोली असते अशी त्यांची समजूत होती. ते रागावतील असे मला वाटले, पण ते म्हणाले, "तांडेल, मग तुम्हीच आमच्या नटाला शिकवा. आणि एक करा. दुसऱ्या खेळानंतर तुमच्या तरीवर लोक काय बोलतात, ते मला खरेखरे लिहून कळवा. लोकांनी उचलून धरले तर तिसऱ्या खेळाला हाच नावाडी ठेवू आणि मुंबईलाही हाच नेऊ. नाही तर जुना होताच."

चार दिवस मामाने त्या नटाला तरीवर ठेवून घेतला. नट बिचारा गोरागोमटा, पाण्याला भिणारा. मामाने त्याचे उपरणे काढले, डोक्याला फडके बांधले, दोन्ही बाजूंनी वल्हे मारायला लावले आणि त्याच्याकडून आरोळ्या घोकून घेतल्या. आमच्या काठाला तर कोरड्या जमिनीला लागत नाही; घोटाभर पाण्यात उतरावे लागते. म्हणून किनारा आला की तांडेल ओरडतो, "लागली रे लागली. वहाणा हातात." ही आरोळी नटाला इतकी साधली की काठावरची कुत्रीसुद्धा फसून मामाऐवजी त्याच्याकडे पाहू लागली. मामा त्या चार दिवसांत जेवताना मध्येच थांबून हसायचा. मामी म्हणाली, "नाटकात तुमी हायसा का तो हाय?" मामा म्हणाला, "आमी दोगं हाव."

दुसऱ्या खेळाला मी आणि मामा पिटात शेजारी बसलो होतो. आमच्या बाजूची चाळीस-पन्नास माणसे आजूबाजूला, आपापल्या वहाणा जवळ घेऊन. होडी रंगमंचावर आली. नटाने नायिकेला मधोमध बसायला सांगितले, वाऱ्याकडे पाहिले, पद म्हटले. मामाने माझे मनगट धरले होते ते मला दुखू लागले. मग होडी पलीकडच्या पडद्याला लागली आणि नटाने मामाच्याच आवाजात आरोळी दिली, "लागली रे लागली. वहाणा हातात."

आणि आमची चाळीस-पन्नास माणसे वाकली, वहाणा हातात घेतल्या, आणि उठून उभी राहिली.

त्यांचा दोष नव्हता. जन्मभर ती आरोळी ऐकली की हात आपोआप वहाणांकडे जातात. माझाही गेला होता. पण नटाने पाहिले ते एवढेच की अर्धे पिट वहाणा उगारून उभे आहे. तो होडीतून उडी मारून विंगेत पळाला आणि नायिका एकटीच नदीत राहिली. खुर्च्यांवरचे शहरातले लोक पोट धरधरून हसू लागले. "भाट्येकर उतरले," कोणीतरी ओरडले. "पाणी किती आहे हो?" दुसऱ्याने विचारले. आमची माणसे खाली बसली, ती नाटक संपेपर्यंत मान वर न करता.

पहाटे तरीत कोणी डावीकडे बसले नाही आणि उजवीकडेही बसले नाही. सगळे मधोमध दाटीवाटीने बसले. मामाने कंदील वर केला, पण काही विचारले नाही.

शेवटी फणसोपची म्हातारीच म्हणाली, "तांडेल, नावाडी खरा होता हां. पन खराच बगायचा तर तुज्या तरीत फुकट बगतो आमी. नाटकाला जातो ते येगळं कायतरी बगाया."

"मी रंगूनपर्यंत थेटरं बघितली," हुसेनभाई म्हणाले, "पण चपला हातात घेऊन उभा राहिलो तो आज." त्या फेरीत त्यांचे मत एकदाही फिरले नाही.

सकाळी मामा म्हणाला, "बाबू, कागद घे. मालकान्ला लिवून द्यायचं हाय." मी लिहिले आणि वाचून दाखवले. त्यात एक वाक्य मी माझ्या मनाने घातले होते, 'परंतु एकंदरीत मंडळींना नावाड्याचे काम बरे वाटले.'

"असं कोन बोल्लं?" मामाने विचारले.

"कोणी नाही."

"मंग खोड."

"मामा, हे खोडलं तर तो नावाडी काढतील. मुंबईला जुनाच जाईल."

"जाईल. खोड तू." मग म्हणाला, "शहरातली मानसं नाटकाला हसली न्हवती रे. आपल्याला हसली. माज्या तरीत बसलेल्या मानसांना माज्यामुळं कोन हसलं, ते मला नको."

मी खोडले. मालकांनी कागद वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. "आणि तांडेल, तुमचे स्वतःचे मत?" त्यांनी विचारले. मामा म्हणाला, "मी शेवट बगितला नाय. माजं मत कसं धरता?" तिसऱ्या खेळाला जरीच्या उपरण्याचा नावाडी परत आला. मामा तोही बघायला गेला होता. होडी एकाच बाजूने वल्हवली जाताना तो मांडीवर हात ठेवून शांतपणे पाहत होता, आणि पद संपल्यावर टाळीही त्याने इतरांबरोबर वाजवली.

त्यानंतर मामाने तरीत कोणाला मत विचारले नाही. माघात दुसरी एक कंपनी येऊन गेली, तेव्हा त्याने माणसे नेली आणि आणली. ती कुठे बसतात याकडे पाहिलेसुद्धा नाही, असे मामीने कोणाकडून तरी पत्रात लिहवून मला कळवले. ते पत्र वाचून मला वाटले, त्या दिवशी मी ते वाक्य तसेच ठेवले असते तर? अजूनही कधीकधी वाटते. मग वाटते, मामाने ते कधी ना कधी ओळखले असते आणि त्यानंतर माझ्याकडून त्याने पत्रसुद्धा लिहून घेतले नसते.

मे महिन्याच्या सुटीत मी घरी गेलो. एका सकाळी मुंबईची बोट लागली होती आणि मी मामाबरोबर तरीवर होतो. उतारूंत गोळपचा एक गिरणीकामगार होता, ट्रंक मांडीवर घेतलेला. तो दोन वर्षांनी घरी येत होता. शेजारच्या माणसाला तो मुंबईच्या गोष्टी सांगत होता, आणि मध्येच म्हणाला, "गिरगावात एक नाटक बघितलं. आपला तरवाला होता त्यात."

मामाचे वल्हे चालूच होते.

"मालक आधी पडद्याम्होरं आला," तो सांगू लागला. "बोल्ला, हा नावाडी रत्नागिरीच्या एका तांडेलानं शिकवला. तिकडं लोकान्ला नको झाला म्हनून काढला होता. त्या तांडेलानं खरं ते कळवलं, म्हनून त्याचा मान ठेवून इथं एकदा दाखवतो, तुमी सांगा कसा वाटतो. मंग तो नावाडी आला. कायबी विशेष बोल्ला नाय. मधी बसा बोल्ला, वहाणा हातात बोल्ला. पन वरच्या मजल्यावर सगळी आपल्याकडची मानसं. कोन हसलं नाय. माज्या बाजूला हर्णेचा एकजन होता, डोळं पुसत बोल्ला, ह्यो आमच्या बंदरावरचा. मागनं बुरोंडीवाला उठला. बोल्ला, तुमचा कसा, आमचा हाय. जुंपली दोगांची. नाटक थांबवाया लागलं. आता म्हनं रोज तोच नावाडी असतो."

"मंग तू काय बोल्लास?" शेजाऱ्याने विचारले.

"मी काय बोलनार? मी वरडलो, भाट्याचा."

मामाने वल्ही वर घेतली. पाणी त्यांच्यावरून टपटपत होते. गिरणीकामगाराकडे वळून तो अगदी हळू म्हणाला, "तो हर्णेवाला काय बोल्ला, ते परत सांग बगू. सगळं सांग. सुरवातीपासनं." तो माणूस सांगू लागला, मामा ऐकू लागला, आणि तर ओहोटीबरोबर खाडीच्या तोंडाकडे वाहत चालली, तरी बाकीचे उतारूही पुढे सरकून ऐकत राहिले.