प्रभाताई भिजल्या त्याची गोष्ट

प्रभाताई भिजत नसत. सिंगापुरात पाऊस नेमाने हजेरी लावतो, पण तिथे वीस वर्षं राहून ही बाई कधी भिजली नाही, हे मी शपथेवर सांगते. बुकित पंजांगच्या स्टेशनापासून आमच्या ब्लॉकपर्यंतचा त्यांचा रस्ता ठरलेला: आधी छपराखालची पायवाट, मग शेजारच्या ब्लॉकखालची मोकळी जागा, मग दवाखान्याच्या पागोळ्या चुकवत थेट आमची लिफ्ट. मी नवीनच राहायला आले होते आणि छत्रीशिवाय स्टेशनावर अडकले होते, तेव्हा समोरच्या घरातल्या या बाईंनी माझा दंड धरला. म्हणाल्या, "माझ्यामागून चल. पावसाला पडू दे, आपण कशाला त्याच्या वाटेत जायचं?" घरी पोचले तेव्हा माझी चप्पलसुद्धा कोरडी होती.

त्यांचे यजमान वसंतराव पुलांचे इंजिनिअर. निवृत्तीच्या तोंडावर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पुढे डावा पाय ओढत चालता येऊ लागलं. बोलताही येई, पण शब्द उशिरा येत आणि प्रभाताईंना तेवढा धीर नसे. "काका, चहा घेणार?" असं मी विचारलं, की त्यांचं तोंड उघडायच्या आत उत्तर यायचं, "अर्धा कप, बिनसाखरेचा." हळूहळू काकांनी बोलणंच सोडलं. प्रेम आंधळं असतं म्हणतात. प्रभाताईंचं चांगलंच बोलकं होतं.

प्रागला जायचं, हे मात्र काकांनी स्वतः, अडखळत, तीन दिवस लावून सांगितलं. तिथल्या नदीवरचा जुना दगडी पूल त्यांना पायी ओलांडायचा होता. कॉलेजात असताना त्याचं चित्र त्यांनी वहीत काढलं होतं म्हणे. मदतीला आणखी दोन हात हवेत म्हणून मलाही नेलं.

हातात दोनच दिवस होते. पहिला प्रवासाच्या शिणवट्यात गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस. प्रभाताईंनी हॉटेलच्या दारातून रस्ता न्याहाळला. छप्पर कुठेच नव्हतं. "कसलं गाव बाई हे! एवढे राजवाडे बांधले, पण माणसाला मेला आडोसा नाही. चला, म्युझियम बघू." मग काकांना हळूच म्हणाल्या, "अहो, दगड निसरडे झालेत. पडलात तर मी काय करू?"

आम्ही म्युझियम पाहिलं, म्हणजे प्रभाताईंनी आम्हाला दाखवलं. काका खिडकीपाशी बसून राहिले. तिथून पूल दिसत होता. चार वाजता ते उठले. "प्रभा... उद्या... विमान."

वाक्य पुरं करायला प्रभाताईंनी तोंड उघडलं, पण त्यांना ते करवेना. आम्ही थांबलो. बऱ्याच वेळाने काकाच म्हणाले, "भिजू दे मला."

पुलावर वारा होता. छत्री धरली की नवऱ्याचा हात सुटे, हात धरला की छत्री उलटी होई. काठी काकांनी लाजेखातर हॉटेलातच ठेवली होती. शेवटी प्रभाताईंनी छत्री मिटली, काठी म्हणून त्यांच्या उजव्या हातात दिली आणि डाव्या बाजूने स्वतः बिलगल्या. दोन मिनिटांत दोघं चिंब. पुलाच्या मध्यावर काका कठड्याला टेकले आणि बोलू लागले. कमानीवर भार कसा येतो, एक दगड दुसऱ्याला कसा धरून ठेवतो. एकेका शब्दाला वेळ लागत होता. प्रभाताईंच्या नाकावरून पाणी ठिबकत होतं, पण त्या निमूटपणे ऐकत होत्या. मला रडू आलं. पावसात ते खपून गेलं.

त्यानंतर काका वर्षभरच होते. ते वर्ष मात्र त्यांच्या घरातून रोज संध्याकाळी दोघांचे आवाज यायचे. पुढे प्रभाताई पुण्याला बहिणीकडे कायमच्या जायला निघाल्या, तेव्हा मी सामान बांधायला गेले. म्हणाले, "ताई, काकांना किती जपलंत तुम्ही!"

"जपलं तर! दोन वर्षं नुसतं कोरडं ठेवलं," खोक्याला चिकटपट्टी लावता लावता त्या म्हणाल्या. "अगं, माणूस होते ते. पापड नव्हते." आणि हसता हसता त्या खोक्यावर बसून रडू लागल्या.

समजूत घालायला मी तोंड उघडलं, पण मिटलं. त्यांना अजून काही सांगायचं होतं आणि शब्द यायला वेळ लागत होता.