दवाखान्याची पाडलेली भिंत

मी तामीरात खात्यात नक्शानवीस होतो. तामीरात म्हणजे निजाम सरकारचं बांधकाम खातं आणि नक्शानवीस म्हणजे तिथला नकाशे काढणारा. घर नांदेडचं, शिक्षण सगळं उर्दूत, घरातलं बोलणं मराठी. त्यामुळे साहेबाचा हुकूम गवंड्याला आणि गवंड्याची अडचण साहेबाला समजावून सांगायचं कामही आपसूक माझ्याकडेच यायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईच्या दिवसांत माझी बदली लातूरला झाली. तिथं सरकारी दवाखाना बांधायचा होता.

मी गेलो तेव्हा पाया खोदून पडला होता आणि काम ठप्प होतं. सिमेंट सगळं लढाईकडे जात होतं, आणि सिमेंट नाही म्हटल्यावर हैदराबादचा ठेकेदार आपली माणसं घेऊन परत गेला होता. गावात गवंडी होते, दगड फोडणारे वडार होते, आसपास चुनखडीही भरपूर होती. पण मोठी सरकारी कामं नेहमी बाहेरच्यांना मिळायची. इथल्या गवंड्यांच्या वाट्याला ओटे, चौथरे आणि पडक्या भिंतींची डागडुजी. त्यांतले कितीतरी जण हत्यारांचा थैला बाजूला ठेवून कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात हमाली करत होते.

खात्याचे मोठे इंजिनिअर अधूनमधून तपासणीला येत. त्यांना सगळे मोहतमीम साहेब म्हणत. हैदराबादचे, उंच, हळू बोलणारे. त्या खोदलेल्या पायाच्या काठावर उभं राहून त्यांनी मला विचारलं, "उदगीरचा किल्ला सिमेंटनं बांधलाय का हो?"

"नाही साहेब. चुन्यात बांधलाय."

"मग दवाखान्याला काय अडचण आहे?"

अडचण चुना मळायच्या घाणीची होती. चुना नुसता भाजून भागत नाही, वाळूबरोबर दगडी चाकाखाली चांगला मळावा लागतो. ती घाणी बैल ओढायचे, आणि मृगाच्या तोंडावर बैल कोण देणार? मी तसं सांगितलं. साहेब मला बरोबर घेऊन थेट गावातल्या जिनाच्या मालकाकडे गेले.

शेटजी गादीवर बसून पान लावत होते. सरकारी साहेब दारात पाहून ते गडबडीनं उठले.

"शेटजी, तुमचं इंजिन सध्या काय करतंय?" साहेबांनी विचारलं.

"झोपलंय. कापूस आला की उठंल."

"तोवर आमची घाणी फिरवायला द्याल?"

शेटजी हसले. "सरकार मागत नसतं साहेब, घेऊन जातं. तुम्ही मागून राहिले म्हणून विचारतो. सरकार काय देणार?"

"चुन्याच्या भट्टीला जागा, चुनखडी काढायचा परवाना, आणि गवंड्यांना काम शिकत असतानासुद्धा मजुरी. शिवाय या भागातलं सरकारी काम आधी इथल्या गवंड्यांना विचारलं जाईल. ते मी वर मंजूर करून आणतो."

शेटजींनी पान तबकात ठेवलं. "मलाही गोदाम बांधायचंय. गवंडी सोलापूरहून आणावे लागतात. इथलीच माणसं तयार झाली तर मला हवंच आहे." इंजिनाबरोबर आपला इंजिनवालाही देतो, असं ते वर म्हणाले.

माणसं तयार करायची तर शिकवणारा हवा. तसे एकच होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या कमानी बांधल्या होत्या. साहेब त्यांच्या घरी गेले, बाजेवर बसले, चहा प्याले. पण चाचा ऐकेनात. "साहेब, हा हुन्नर घरातला हाय. तो बाहेरच्याला कसा देऊ? आज सरकारला गरज हाय म्हणून आलात. उद्या सिमेंट आलं की आमाला कोण विचारतंय?" ते मजुरीवर कामाला यायला तयार झाले, शिकवायला मात्र नाही. साहेबांनी जबरदस्ती केली नाही.

काम सुरू झालं. इंजिनाचा पट्टा घाणीला जोडला आणि चुना असा झपाट्यानं मळून निघू लागला की गावातले लोक बघायला येऊन उभे राहायचे. वडारणी वाळू चाळत, गवंडी थर चढवत. मला दर सकाळी भिंत आदल्या दिवसापेक्षा वर आलेली दिसे आणि मी काढलेल्या रेषा खरोखरीच उभ्या राहताहेत याचा आनंद वाटे.

मग एक मोठा पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी उत्तरेकडची भिंत पोट काढून उभी होती. मी साहेबांना तार केली. ते आले, सांध्यात अंगठा दाबला. चुना ओल्या मातीसारखा आत गेला. चौकशी केल्यावर कळलं, की वाळू मांजरा नदीवरून आणायची ती जवळच्या ओढ्यातून भरली होती. गाड्या आणि गाडीवान शेटजींच्या जिनाचे होते आणि त्या वाळूत निम्मी काळी माती होती.

साहेबांनी शेटजींना निरोप धाडला. आता वाजणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. गवंडी हातातली कामं टाकून एका बाजूला उभे राहिले, कारण असल्या भांडणाचं खापर शेवटी गवंड्याच्या डोक्यावर फुटतं हे त्यांना ठाऊक होतं.

शेटजी आले. भिंतीकडे बघितलं, गाडीवानाला दोन प्रश्न विचारले आणि साहेबांपुढे येऊन म्हणाले, "गाड्या माझ्या, माणसं माझी. भिंत पाडा. वाळू मी मांजरेवरून आणून धुऊन देतो."

साहेबांनी मान हलवली. "वाळू तुमची होती, पण ती तपासून घ्यायची जबाबदारी खात्याची होती. वर कळवताना मी तसंच कळवणार. गवंड्यांचा यात काही कसूर नाही. पाडायच्या दिवसांचीही मजुरी त्यांना मिळेल."

"असं कळवलं तर तुमच्या नोकरीवर येईल, साहेब."

"आलं तर येऊ द्या. यात रोगी झोपणार आहेत, शेटजी."

मी आयुष्यात पुढे पुष्कळ साहेब आणि पुष्कळ मालक पाहिले. चूक दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकायची घाई सगळ्यांनाच असते. इथं दोघं ती आपल्याकडे ओढून घेत होते.

पहिली पहार चाचांनी मारली. भिंत उतरवून झाली, दगड धुऊन रचून ठेवले, तेव्हा ते माझ्याजवळ आले. "साहेबांना सांगा," म्हणाले, "कमान कशी बसवायची ते दाखवतो. ज्याला शिकायचं त्यानं यावं. जात-घराणं विचारणार न्हाई."

साहेबांना वरून ठपका आला खरा, पण परवाना आणि मजुरी दोन्ही कायम राहिली. चाचांच्या हाताखाली मुसलमान गवंड्यांबरोबर वडार आणि मराठेही शिकू लागले. चाचा तापट. ओळंबा सुटला की बांधलेला थर पायानं उडवून लावायचे आणि लगेच शेजारी बसून पुन्हा दाखवायचे. दवाखाना पुरा झाला, तेव्हा बाळंतिणींच्या खोलीवरची कमान एका वडाराच्या पोरानं एकट्यानं बसवलेली होती. मागाहून शेटजींचं गोदामही त्याच माणसांनी बांधलं.

पुढे संस्थानात वाईट दिवस आले. गावोगावी भीती पसरली, कामं बंद पडली. निजामाचं राज्य गेलं आणि खातंही बदललं. मोहतमीम साहेब हैदराबादला गेले ते मला परत भेटले नाहीत. निरोप घेताना त्यांनी माझ्याकडे फक्त गवंड्यांची चौकशी केली.

नव्या राजवटीत मला निलंग्याला शाळेच्या कामावर पाठवलं. निविदा कुणाच्या नावावर आहे ते मी आधी पाहिलं नव्हतं. जागेवर पोचलो तर चाचांचे शागीर्द एकत्र येऊन ते काम घेऊन बसले होते. सिमेंट आता मिळत होतं, तेही त्यांनी शिकून घेतलं होतं. मी नकाशा उघडला. त्यांच्यातला एकजण वाकून बघू लागला आणि म्हणाला, "खिडक्या लई लहान काढल्या हो तुम्ही. पोरांना उजेड नको का?"

आम्ही खिडक्या मोठ्या केल्या.