सात वाजताचे अण्णा

अण्णा गेल्यापासून आमच्या केबल चॅनलच्या एवढ्याशा ऑफिसात बसायला जागा नसते. जो येतो तो खुर्ची ओढतो, डोळे पुसतो, अण्णांचा एक किस्सा सांगतो आणि हसत उठतो. रोज संध्याकाळी सातला अण्णा मराठी बातम्या वाचायचे. हळ्ळीखेडपासून गुलबर्ग्यापर्यंत लोक ताटावर बसून ऐकायचे. आमचे मालक अप्पा तर पहिल्याच दिवशी म्हणाले, "अण्णा गेले, बातम्या संपल्या. सातला भजनं लावू."

मी तिथली एकुलती एक रिपोर्टर. संपल्या कशा? म्हटलं, बघतेच!

*

एकदा कुणीतरी फोनवर खोटं सांगितलं आणि अण्णांनी दुबलगुंडीच्या एका म्हाताऱ्याची निधनवार्ता वाचली. दुसऱ्या दिवशी म्हातारा काठी आपटत स्टुडिओत हजर!

"मी मेलो म्हणून कोण सांगितलं तुला?"

अण्णांनी माफी मागितली आणि त्याला थेट कॅमेऱ्यासमोर बसवलं. "मंडळी, काका जिवंत हायेत. काका, बोला."

काका माईकवर वाकले. "मी ठणठणीत हाय. मेलाय तो आमच्या गावचा रस्ता. त्येची बातमी कामून देईनास?"

तेव्हापासून घरी माणूस पाठवून खात्री केल्याशिवाय अण्णांनी कुणाला मारलं नाही. रस्त्याची बातमी मात्र आठवडाभर रोज वाचली.

*

एका पुढाऱ्याच्या मुलाचा वाढदिवस होता. शुभेच्छा सगळ्यात आधी वाचा, असा निरोप आला. अण्णांनी पहिली बातमी वाचली हरवलेल्या म्हशीची. डाव्या शिंगाला लाल रिबन, कुणाला दिसल्यास कळवावे. मग शुभेच्छा.

बुलेटिन संपायच्या आत पुढारी दारात. "माझ्या पोराच्या अगोदर म्हैस?"

अण्णा म्हणाले, "साहेब, म्हशीची घरचे वाट बघायलेत!"

*

गुलबर्ग्याचे एक रिटायर्ड मास्तर नेहमी फोन करायचे. "जायलाय, करायलाय, ही काय भाषा झाली? टीव्हीवर तरी शुद्ध बोला!"

एके दिवशी अण्णांनी कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं, "मास्तरांसाठी : तालुक्यातील वीजपुरवठा वारंवार खंडित होत आहे. बाकी सगळ्यांसाठी : करंट सारखा जायलाय, आन् लाईटीचे साहेब फोन उचलंना झालेत."

मास्तरांचा लगेच फोन. मला वाटलं, आता भांडण. ते म्हणाले, "अण्णा, आमच्याकडंबी जायलाय. तेबी सांगा की!"

*

मी पत्रकारितेची डिग्री घेऊन आले तेव्हा सगळे वडीलधारे एका सुरात म्हणाले, "पोरगी कॅमेऱ्यामागं बरी." एवढी डिग्री घेतली ती वायर गुंडाळायला? अण्णांनी तिसऱ्याच दिवशी मला हवामान वाचायला लावलं.

लगेच एका गृहस्थांचा फोन. "पोरीबाळींना टीव्हीवर बसवायलात? वळण काय लागंल?"

अण्णा म्हणाले, "तुमचं म्हणणं बरोबर असंल. थांबा, तिलाच फोन देतो. तुम्हीच समजावून सांगा."

मी "हॅलो" म्हटलं आणि गृहस्थांनी फोन ठेवून दिला! अण्णा म्हणाले, "उद्यापासून तालुक्याच्या बातम्याबी तूच वाच."

*

अण्णांना माती देऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. पावणेसातला मी बातम्या घेऊन तयार. पडद्यावर मात्र हार घातलेला अण्णांचा फोटो आणि रडकी सनई. अप्पा आणि त्यांचे चार ज्येष्ठ मित्र हात बांधून उभे.

"अप्पा, बातम्या कामून लावीनात?"

"सुतक हाय, पोरी. तेरावं होऊ दे. मग बघू."

त्यांचं 'मग बघू' म्हणजे कधीच नाही, हे मला चांगलं माहीत.

"बाहेर अवकाळी पाऊस यायलाय, खळ्यावर तूर भिजायलीय. लोकांनी तेरा दिवसांनी ऐकायचं का?"

"मोठ्यांपुढं लई बोलू नये," चौघांपैकी एक म्हणाले.

"मोठ्यांनी मग कामाचं बोलावं!"

सात वाजले. अप्पांचा मोबाईल वाजला. अण्णांच्या बायकोचा, अक्कांचा फोन होता. अप्पांनी घाईत स्पीकर दाबला.

"अप्पा, टीव्ही बिघडला का रे?"

"न्हाई अक्का. अण्णांचा फोटो लावलाय. सुतक हाय न्हवं."

"सुतक कुणाच्या घरात हाय? तुझ्या का माझ्या?"

"तुमच्या, अक्का."

"मग मी पाळते की! तू पोरीला बसव आन् बातम्या लाव."